नोड चालेल का, हे मशीनलाच विचारा : टर्मिनलवरून ब्लॉकचेनचे बेंचमार्क

“माझ्या लॅपटॉपवर नोड चालेल का?” गोव्यात फर्मागुढीला इंजिनीअरिंग शिकणारी मुलं हा प्रश्न वरचेवर विचारतात आणि “सोळा जीबी रॅम आहे ना, मग चालेल” असं उत्तर घेऊन परत जातात. उत्तर खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. नोड म्हणजे ब्लॉकचेनची, म्हणजे व्यवहारांच्या ब्लॉकांच्या साखळीची, माहिती बाळगून प्रत्येक व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्राम. बिटकॉइनचा किंवा इथेरियमचा नोड रॅमपायी क्वचित अडतो, प्रोसेसरपायी कधीमधी आणि डिस्कपायी बहुतेक वेळा. आपलं मशीन नेमकं कुठे अडेल, हे फुकट मिळणाऱ्या मोजक्या साधनांनी बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, घेऊन एका दुपारात शोधता येतं. लिनक्सवर चार कमांड टाइप केलेल्या असल्या की पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती, आकड्यांसकट, रोमन लिपीत टाइप करायची. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरून मोजणार असाल तर प्रोसेसरचे आकडे बऱ्यापैकी खरे येतील, डिस्कचे येणार नाहीत, कारण मध्ये आभासी डिस्कचा थर असतो. डिस्कसाठी लिनक्स थेट बसवलेलंच मशीन हवं.

काय मोजायचं नाही, ते आधी

लॅपटॉपवर बिटकॉइनचं मायनिंग (अगणित हॅश, म्हणजे डेटाचे ठरावीक लांबीचे ठसे, काढून नवा ब्लॉक जोडण्याचा हक्क मिळवणं) हा विषय इथेच मिटवू. अँटमायनर एस२१ हे केवळ त्याच कामासाठी बनवलेलं यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश) काढतं आणि त्यासाठी ३,५०० वॉट वीज घेतं. तुमचा प्रोसेसर त्याच्या लाखो पटींनी मागे आहे. मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टोनाण्याची गोष्ट वेगळी. ३० नोव्हेंबर २०१९पासून तिथे मायनिंगची रँडमएक्स ही पद्धत आहे आणि ती मुद्दाम साध्या प्रोसेसरसाठी रचलेली आहे. तिला वेगाने चालायला दोन जीबीहून थोडी जास्त रॅम आणि प्रत्येक थ्रेडमागे दोन एमबी कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) लागते. ‘एक्सएमरिग’ या प्रोग्रामला ‘बेंच=१एम’ हा पर्याय दिला की कुठल्याही पूलला (मायनिंग करणाऱ्यांच्या गटाला) न जोडता तो वेगाचा आकडा देतो. त्या आकड्याशेजारी विजेचं बिल मांडून बघा, मग काय ते ठरवा.

उरले तीन प्रश्न. चालू साखळीबरोबर माझा नोड टिकून राहील का? पहिल्यांदा सगळी साखळी तपासून घ्यायला किती वेळ लागेल? आणि प्रोजेक्टसाठी स्वतःची साखळी उभारली तर ती किती व्यवहार पेलेल? प्रत्येकाचं मोजमाप वेगळं आहे. यांतला आपला प्रश्न कोणता, हे कागदावर लिहून मगच टर्मिनल उघडा.

पायरी १ : मशीनची कुंडली

‘एलएससीपीयू’ ही कमांड द्या. कोर किती, कॅशे किती हे दिसेल, पण खरी मेख खालच्या ‘फ्लॅग्ज’ या लांबलचक ओळीत आहे. तिथे ‘एसएचए_एनआय’ सापडतं का बघा. सापडलं तर एसएचए-२५६ (बिटकॉइनमधला हॅश) काढण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळ्या सूचना आहेत. एएमडीच्या रायझनमध्ये त्या २०१७पासून मिळतात, इंटेलच्या मुख्य लॅपटॉप चिपांमध्ये साधारण आइस लेक पिढीपासून. म्हणून कोर तेवढेच आणि किंमतही तेवढीच असलेले दोन जुने लॅपटॉप हॅशिंगमध्ये एकमेकांच्या जवळपासही नसतात. बिटकॉइन कोअर (बिटकॉइनच्या नोडचा प्रोग्राम) सुरू होताना एसएचए-२५६ची कोणती पद्धत वापरतोय हे लॉगमध्ये लिहितो. खातरजमा तिथे करून घ्या.

‘फ्री’ने रॅम कळेल, ‘एलएसबीएलके’ने डिस्क. दुसऱ्या कमांडमध्ये ‘आरओटीए’ हा रकाना मागवा: १ असेल तर फिरती डिस्क, ० असेल तर एसएसडी. १ दिसला तर उत्तर जवळपास मिळालंच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला नुसती अर्धी फेरी पुरी करायला चार मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेलं वाचन सेकंदाला शंभरेकच्या आसपास अडकतं, आणि नोडला हवं असतं नेमकं विखुरलेलं वाचन.

शेवटी ‘स्मार्टसीटीएल’ने एसएसडीचं आयुष्य किती वापरून झालंय ते बघा. सेकंडहँड घेतलेल्या डिस्कबाबत तर हे चुकवू नका.

पायरी २ : प्रोसेसर

सगळ्यांकडे आधीच असतं ते साधन म्हणजे ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी. ‘ओपनएसएसएल स्पीड’ आणि पुढे ‘एसएचए२५६’ लिहिलं की १६ बाइटपासून १६,३८४ बाइटपर्यंतच्या तुकड्यांचा वेग रकान्यांत दिसतो. एकक आहे सेकंदाला हजार बाइट. नवखा माणूस शेवटचा, सगळ्यात मोठा रकाना बघून खूश होतो. पण बिटकॉइनच्या ब्लॉकचं शीर्षक अवघं ८० बाइटचं आणि व्यवहारही बहुधा काहीशे बाइटांचे, त्यामुळे आपल्या कामाचे रकाने डावीकडचे. त्या डावीकडच्या रकान्यांत हॅशबरोबर लायब्ररीचा स्वतःचा खर्चही मिसळलेला असतो, म्हणून हा आकडा दोन मशीनांची तुलना करण्यापुरताच वापरा. इथेरियममध्ये हॅश आहे केच्चाक-२५६. ओपनएसएसएलमध्ये त्याच्या अगदी जवळचं ‘एसएचए३-२५६’ आहे. भरणीचा (पॅडिंगचा) फरक सोडला तर आतलं काम तेच, त्यामुळे वेगाच्या अंदाजाला ते चालतं.

व्यवहारांवरच्या डिजिटल सह्यांच्या बाबतीत मात्र असा शेजारचा आकडा चालवून घेऊ नका. बिटकॉइन आणि इथेरियम दोन्ही ‘सेकपी२५६के१’ ही वक्ररेषा (सहीचं गणित जिच्यावर चालतं ती) वापरतात. ओपनएसएसएलच्या ‘ईसीडीएसएपी२५६’ या चाचणीत मोजली जाते ती दुसरीच वक्ररेषा, आणि तिच्यासाठी ओपनएसएसएलमध्ये हाताने घासूनपुसून लिहिलेलं वेगळं असेंब्ली आहे. नावं सारखी दिसतात म्हणून लोक हा आकडा बिनदिक्कत प्रोजेक्ट रिपोर्टात टाकतात. बिटकॉइन कोअरने २०१६च्या ०.१२ आवृत्तीपासून सह्या तपासण्यासाठी ओपनएसएसएल सोडून स्वतःची ‘लिबसेकपी२५६के१’ लायब्ररी घेतली. ती बांधली की सोबत ‘बेंच’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. तो चालवा. एक सही तपासायला किती मायक्रोसेकंद लागतात ते कमीत कमी, सरासरी आणि जास्तीत जास्त अशा तीन आकड्यांत मिळेल.

पायरी ३ : डिस्क, आणि इथे घाई नको

साधन आहे ‘एफआयओ’. उबुंटूवर ‘एपीटी’ने बसतं. पहिल्यांदा पाहिल्यावर त्याचे पर्याय अंगावर येतात, पण प्रत्येकाला कारण आहे आणि ते कळलं की कमांड पाठ करावी लागत नाही.

‘आरडब्ल्यू=रँडआरडब्ल्यू’ म्हणजे विखुरलेलं वाचन आणि लेखन एकत्र. ‘आरडब्ल्यूमिक्सरीड=७५’ म्हणजे त्यातलं पाऊण वाचन. ‘बीएस=४के’ हा तुकड्याचा आकार, कारण नोडचा डेटाबेस लहान लहान तुकड्यांनीच डिस्कवर जातो-येतो. ‘आयओइंजिन=लिबएआयओ’ आणि ‘आयओडेप्थ=६४’ ही जोडी एका वेळी ६४ मागण्या रांगेत ठेवते. ‘डायरेक्ट=१’ विसरलात तर सगळं मुसळ केरात: लिनक्स डिस्कऐवजी रॅममधूनच उत्तरं देत राहील आणि तुम्ही रॅमचा वेग डिस्कच्या नावावर लिहाल. ‘साइज’ रॅमच्या काही पट ठेवा, समजा ५०जी. ‘टाइम_बेस्ड’ आणि ‘रनटाइम=६००’ दिलंत की चाचणी दहा मिनिटं चालते.

दहा मिनिटं का? स्वस्त एसएसडीमध्ये वेगवान कॅशेचा एक लहान भाग असतो. तो भरेपर्यंत आकडे झकास येतात, भरला की लेखनाचा वेग कोसळतो. दुकानातल्या खोक्यावर छापलेला वेग हा त्या पहिल्या काही सेकंदांचा असतो. नोड मात्र दिवसरात्र लिहितो.

एक धोक्याची सूचना. ‘फाइलनेम’ या पर्यायात साध्या फाइलचंच नाव द्या. तिथे ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या डिस्कचं नाव दिलंत तर एफआयओ विनातक्रार त्या डिस्कवरच लिहील आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. शिवाय ही चाचणी खरोखरच लिहिते, म्हणजे प्रत्येक खेपेला एसएसडीची थोडी झीज होते. रोज गंमत म्हणून चालवू नका.

निकालात ‘आयओपीएस’ (सेकंदाला पुऱ्या झालेल्या वाचन-लेखनाच्या मागण्या) वाचा. इथेरियमचं स्टेकिंग (नाणी तारण ठेवून ब्लॉक तपासण्याचं काम) घरून करणाऱ्यांत रूढ असलेला ढोबळ आकडा असा: वाचन १५,००० आणि लेखन ५,००० आयओपीएसच्या वर हवं. यानंतर ‘सीलॅट पर्सेंटाइल्स’ या भागात ९९.००च्या पुढची किंमत बघा. सरासरी झकास पण शंभरातली एक मागणी पन्नास मिलिसेकंद अडकते, अशी डिस्क नोडला अधूनमधून मागे पाडते. सरासरी हे दाखवत नाही.

हायपरलेजर फॅब्रिक या खासगी साखळ्यांच्या सॉफ्टवेअरचा ऑर्डरर (व्यवहार क्रमाने लावून ब्लॉक बनवणारा नोड) बसवणार असाल तर प्रश्न निराळा. तिथे राफ्ट (ऑर्डररांचं एका क्रमावर एकमत घडवणारी पद्धत) चालतं, आणि प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर टेकली याची हमी मिळाल्याशिवाय पुढचं काम होत नाही. अशा वेळी ‘एफडेटासिंक=१’ देऊन लहान तुकड्यांचं सलग लेखन मोजा. फॅब्रिकने ज्या ईटीसीडी या डेटाबेसकडून राफ्टची लायब्ररी घेतली, तिथला दंडक सोपा आहे: ९९ टक्के वेळा हे टेकणं १० मिलिसेकंदांच्या आत व्हावं. आयओपीएसमध्ये भारी वाटणाऱ्या काही घरगुती एसएसडी इथे मान टाकतात.

पायरी ४ : मे महिना आणि लाईट

परदेशातल्या मार्गदर्शकांत ही पायरी सापडत नाही. वास्कोत किंवा मडगावात पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी घेतलेला आकडा आणि त्याच लॅपटॉपवर एसी लावून घेतलेला आकडा वेगळे येतात, कारण चिप तापली की स्वतःहून वेग कमी करते. बऱ्याच इंटेल लॅपटॉप चिपांत ही रेघ १०० अंशांवर आहे. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कही ७०-८० अंशांच्या पुढे हात आखडता घेतात. नोड चोवीस तास चालायचा, म्हणून थंड मशीनचा पहिल्या मिनिटातला वेग आपल्या कामाचा नाही.

मोजायचं असं. एका खिडकीत ‘वॉच सेन्सर्स’ लावून ठेवा. दुसऱ्या खिडकीत ओपनएसएसएलची मघाचीच चाचणी करा, या वेळी ‘मल्टी’ पर्यायात सगळे कोर द्या. मग ‘स्ट्रेस-एनजी’ने सगळे कोर वीस मिनिटं राबवा, आणि थांबताक्षणी तीच ओपनएसएसएल चाचणी पुन्हा. दोन आकड्यांमधली घट म्हणजे तुमच्या खोलीत तुमचं मशीन घेत असलेला दंड. घट मोठी असेल तर नवीन लॅपटॉपचा विचार करण्याआधी पंखा साफ करा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून घट्ट बसते, आणि ती काढायला ब्रश पुरतो.

पावसाळ्यात सत्तरी-सांग्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बेंचमार्क चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर गेला तर बहुतेक मशीनं गुपचूप वेग उतरवतात आणि निकालात त्याची नोंद कुठेच येत नाही. चाचणीच्या आधी आणि नंतर ‘स्केलिंग_गव्हर्नर’ या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बघा. ‘परफॉर्मन्स’ नसेल तर ‘सीपीयूपॉवर’ने तसं करून घ्या. डेस्कटॉपवर नोड चालवणार असाल तर यूपीएस नसताना डेटाबेस अर्धवट लिहिला जाण्याची भीती असते, आणि मग सगळी साखळी पुन्हा तपासत बसावं लागतं. हा खर्च हार्डवेअरच्या यादीत धरा.

पायरी ५ : खरं सॉफ्टवेअर

इथवर मशीन मोजलं. आता प्रत्यक्ष नोडचे प्रोग्राम.

बिटकॉइन कोअर स्रोतापासून बांधताना सीमेक या बांधणीच्या साधनाला ‘बिल्ड_बेंच=ऑन’ सांगितलं (हा पर्याय मात्र मोठ्या अक्षरांत) की ‘बेंच_बिटकॉइन’ तयार होतो. ‘लिस्ट’ने चाचण्यांची यादी, ‘फिल्टर’ने हवी तेवढीच. यात ४१३५६७ या क्रमांकाचा साखळीतला खराखुरा ब्लॉक उलगडून तपासण्याची चाचणीही आहे. निकालाच्या तक्त्यात एका क्रियेला किती नॅनोसेकंद लागले ते आणि शेजारी चुकीची टक्केवारी असते. ती टक्केवारी पाचच्या वर गेली तर आकडा विसरा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा चालवा. प्रोसेसरचा वेग स्थिर ठेवलेला नसेल तर प्रोग्राम वर तसा इशाराही छापतो. बहुतेक जण तो न वाचता तक्त्याकडे धावतात.

पहिल्या सिंकचा (सगळी साखळी उतरवून तपासण्याचा) अंदाज घ्यायला सहाशे जीबीच्या पुढे गेलेली सगळी साखळी उतरवायची गरज नाही. सिग्नेट हे चाचणीचं जाळं घ्या आणि ते पूर्ण होऊ द्या. मग ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ आणि ‘स्टॉपॲटहाइट’ हे पर्याय देऊन ठरावीक उंचीपर्यंतचं काम पुन्हा करवून घ्या. यात इंटरनेट येत नाही, फक्त तुमची डिस्क आणि प्रोसेसर. ‘डीबीकॅशे’ (डेटाबेसला दिलेली रॅम, एमबीमध्ये) एकदा ४५० आणि एकदा ४००० ठेवून बघा. सिग्नेट लहान असल्यामुळे इथे फरक थोडाच दिसेल. मुख्य साखळीवर, विशेषतः मंद डिस्कवर, तो कितीतरी मोठा असतो. ‘डीबग=बेंच’ दिलंत तर प्रत्येक ब्लॉक जोडताना कोणत्या टप्प्याला किती मिलिसेकंद गेले ते लॉगमध्ये उतरतं. सह्या तपासण्यात वेळ जातोय की डिस्कवर लिहिण्यात, हे तिथे उघड दिसतं. शेजारी ‘आयओस्टॅट’ चालू ठेवलंत तर शंकाच उरणार नाही.

हे पुन्हा पुन्हा हाताने करू नका. ‘हायपरफाइन’ हे साधन एखादी कमांड सांगितलेल्या वेळा चालवतं, सरासरी आणि पसारा देतं, विचित्र आकडा आला तर टोकतं. त्याच्या ‘प्रिपेअर’ पर्यायात दर खेपेआधी लिनक्सची कॅशे रिकामी करायची कमांड देता येते. रिकाम्या कॅशेचा आकडा सांगतो लाईट येऊन मशीन परत सुरू झाल्यावर काय होईल ते, भरलेल्या कॅशेचा सांगतो रोजचं. कोणता घेतलात ते लिहून ठेवा, कारण महिन्याभराने आठवत नाही.

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग पोल्काडॉट या साखळीकडे आहे. त्यांच्या नोडच्या प्रोग्रामला ‘बेंचमार्क मशीन’ एवढंच सांगा. हॅशिंग, सही तपासणं, मेमरी आणि डिस्क मोजून तो तक्ता छापतो आणि प्रत्येक ओळीपुढे पास की नापास तेही लिहितो. तुलना होते ती व्हॅलिडेटरच्या (ब्लॉक तपासून मान्य करणाऱ्या नोडच्या) संदर्भ हार्डवेअरशी, तेव्हा घरगुती लॅपटॉप नापास झाला म्हणून हातपाय गाळायला नको. मला वाटतं प्रत्येक साखळीने अशी एक कमांड द्यायला हवी होती.

पायरी ६ : स्वतःची साखळी, काजूच्या पोत्यांसह

कॉलेजच्या प्रोजेक्टांत फॅब्रिकवरची पुरवठा साखळी हमखास असते. समजा सत्तरीतल्या बागायतदाराकडून काजूची पोती फोंड्याच्या कारखान्यात जातात आणि प्रत्येक हस्तांतर साखळीवर नोंदवायचं आहे. इथे कामाला येतं हायपरलेजर कॅलिपर. नोड-जेएसवर चालतं: आधी ‘कॅलिपर बाइंड’ने फॅब्रिकशी जोडायचं, मग ‘कॅलिपर लाँच मॅनेजर’ला तीन गोष्टी द्यायच्या. जाळ्याची माहिती, बेंचमार्कचे टप्पे आणि व्यवहार तयार करणारा छोटा जावास्क्रिप्ट. शेवटी अहवाल मिळतो: यशस्वी किती, अयशस्वी किती, पाठवण्याचा वेग, लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष पार पडलेले व्यवहार दर सेकंदाला.

अहवालातले दोन सापळे ओळखून ठेवा.

पहिला, दोन सेकंदांचा. सेकंदाला चार-पाच व्यवहार पाठवले तर प्रत्येकाला एक-दोन सेकंद लागलेले दिसतात आणि मुलं म्हणतात, फॅब्रिक मंद आहे. फॅब्रिकच्या नमुना जाळ्यात ‘बॅचटाइमआउट’ दोन सेकंदांचा ठेवलेला आहे. ब्लॉक भरला नाही तर ऑर्डरर तेवढा वेळ थांबतो, कदंबच्या स्टँडवर सीटा भरायची वाट बघणाऱ्या मिनीबससारखा. तुम्ही मोजलीत ती सेटिंग, मशीन नव्हे.

दुसरा, अयशस्वी व्यवहारांचा. सगळ्या पोत्यांची बेरीज ‘एकूण साठा’ अशा एकाच किल्लीत (डेटाबेसमधल्या एकाच नोंदीत) ठेवली आणि प्रत्येक व्यवहार तीच किल्ली बदलू लागला, तर एका ब्लॉकमधला पहिला टिकतो, बाकीचे वाचन-संघर्षाच्या (वाचलेली नोंद मध्येच बदलल्याच्या) कारणावरून बाद होतात. हार्डवेअर कितीही वाढवा, हे थांबणार नाही. प्रत्येक पोत्याला स्वतःची किल्ली द्या आणि बेरीज वाचताना काढा.

यानंतर पाठवण्याचा वेग टप्प्याटप्प्याने चढवा: १०, २५, ५०, १००. पार पडणारे व्यवहार पाठवलेल्यांबरोबर चढत राहतात, मग एका जागी थांबतात आणि लागणारा वेळ एकदम वर उसळतो. ती जागा म्हणजे तुमची क्षमता. सगळे पीअर (व्यवहार तपासून साखळी ठेवणारे नोड), ऑर्डरर आणि कॅलिपर स्वतः एकाच लॅपटॉपवर असतील तर ते एकमेकांचेच कोर ओढतात, हे अहवालात स्पष्ट लिहा. तसं न लिहिता छापलेला व्यवहार-दर-सेकंद हा आकडा परीक्षकाने विचारला तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

जाळ्याबद्दल थोडक्यात. ‘एमटीआर’ने वाटेत कुठे पाकिटं गळतात ते बघा, ‘आयपर्फ३’ने दोन मशीनांमधला वेग. इथेरियमचा व्हॅलिडेटर चालवणार असाल तर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ने घड्याळ तपासा. १५ सप्टेंबर २०२२च्या मर्जपासून (मायनिंग सोडून स्टेकिंगवर येण्यापासून) तिथे १२ सेकंदांचे स्लॉट (एकेका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ) आहेत, आणि सेकंदभर चुकलेलं घड्याळ उत्तम डिस्कचीही मेहनत वाया घालवतं.

पायरी ७ : नोंद आणि आवराआवर

प्रत्येक निकालाशेजारी एवढं हवंच: कर्नलची आणि नोडची आवृत्ती, पूर्ण कमांड जशीच्या तशी, चार्जर लावलेला होता का, खोलीचं तापमान, कॅशे रिकामी होती की भरलेली. पाच खेपांची सरासरी देण्यापेक्षा मधला आकडा द्या आणि सोबत सगळ्यात वाईट आकडाही.

मग एफआयओने बनवलेली पन्नास जीबीची फाइल पुसा, ‘एफएसट्रिम’ चालवून एसएसडीला रिकाम्या जागेची खबर द्या, आणि फॅब्रिकचं नमुना जाळं त्याच्याच स्क्रिप्टला ‘डाउन’ सांगून उतरवा. डॉकरचे जुने व्हॉल्यूम (साठवलेला डेटा) राहिले तर पुढच्या खेपेची साखळी आधीच्या डेटावर उभी राहते आणि दोन अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत.